उंबरठ्याखालचा आवाज

धाकट्याच्या दुकानावरची पाटी वाचून एखाद्याला वाटावं, इथं म्हाताऱ्यांना तरुण करून देतात. 'जुनं ते नव्यासारखं करून मिळेल' हे मोठ्या अक्षरांत, आणि 'सर्व प्रकारच्या कॅसेट' हे खाली इतक्या बारीक अक्षरांत की वाचायला पायरी चढून आत यावं लागे. एकदा माणूस आत आला की धाकटा त्याला सोडत नसे. घरात तो शेंडेफळ म्हणून धाकटा. पन्नाशी आली, डोक्यावरचे केस हवापालटाला गेले ते परतले नाहीत, तरी धाकटाच. गिऱ्हाइकं मात्र त्याला 'खरखरवाले' म्हणत, कारण फोन उचलल्यावर हॅलोच्याही आधी तो विचारायचा, "खरखर किती आहे?"

कामात तो पक्का होता, हे कबूल केलं पाहिजे. कॅसेट आली की आधी ती एकदा पुढे आणि एकदा मागे पूर्ण फिरवून घ्यायचा, म्हणजे वर्षानुवर्षं आवळून बसलेली फीत सैल होते. मग टेपचं हेड स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायचं. मग हेडशेजारचा तो एवढासा स्क्रू केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवायचा, आणि कांबळं पांघरून बोलणारा माणूस कांबळं टाकून बोलू लागला की हात थांबवायचा. पुढचं काम कॉम्प्युटरचं. फितीच्या सुरुवातीला, जिथं कुणी बोलत नसतं, तिथली नुसती खरखर कापून कॉम्प्युटरला दाखवायची आणि सांगायचं, बाबा रे, ही असली जिथं दिसेल तिथून काढून टाक.

एवढ्यानं भागलं नाही तर उंबरठा. हा शब्द त्याचा स्वतःचा, आणि त्याचा त्याला भारी अभिमान. "आवाजाला मी उंबरठा घालतो," तो गिऱ्हाइकाला समजावायचा. "त्याच्यापेक्षा जो मोठा असेल त्याला आत घेतो. बारका असेल तो बाहेर. त्यामुळे दोन वाक्यांच्या मधे कशी स्मशानशांतता होते बघा." गिऱ्हाईक माना डोलवायचं. परक्यांच्या कॅसेटवर तो जीव ओतायचा. कुणाच्या मुलाचे बोबडे बोल असोत, नाहीतर कुणाच्या निवृत्तीचं रटाळ भाषण, कानाला हेडफोन लावून तो वाक्यावाक्याला उंबरठा वर-खाली करत बसे. परक्यांच्या, असं म्हणतोय. घरच्या कॅसेटची गोष्ट वेगळी झाली, आणि तीच सांगायची आहे.

एका दुपारी ताई दुकानात आली. ताईचं पडदे शिवायचं दुकान, त्यामुळे ती कुठलीही वस्तू पडद्याच्या उरलेल्या कापडात गुंडाळून आणते. त्या दिवशी त्या कापडातून दोन कॅसेट निघाल्या.

"बाबांच्या आहेत," ती म्हणाली. "तिथल्या."

तिथल्या म्हणजे शुश्रूषागृहातल्या. बाबांचे शेवटचे काही महिने तिथं गेले. बाबा आयुष्यभर वाचनालयात 'शांतता राखा' या पाटीखाली बसले, आणि त्या पाटीची सगळ्यांत जास्त भीती त्यांनाच बसली असावी. वाक्य सुरू करताना आवाज बरा असायचा, पण शेवटाकडे येता येता तो घशात उतरायचा. घरात म्हणत, बाबा वाक्य गिळतात. रोज चार ओळी लिहायची त्यांना सवय होती. हात थरथरू लागला तेव्हा ताईनं त्यांना छोटा टेपरेकॉर्डर नेऊन दिला, की लिहिता येत नसेल तर बोलून ठेवा.

"तू ऐकल्यास?" धाकट्यानं विचारलं.

"नाही रे. आधी ऐकवत नव्हतं, मग रेकॉर्डरच बंद पडला." ताई खुर्चीत बसली नव्हती, उभीच होती. बसली की तिची कंबर लवकर उठू देत नाही. "पण बाबा मला म्हणाले होते, कुणी काही बोललंच तर ही लावून दाखव, मी सगळं सांगून ठेवलंय. काकांच्या वाढदिवसाला सगळे जमणार आहेत ना? तिथं लाव. सगळ्यांसमोर."

सगळ्यांसमोर का, हे धाकट्याला सांगायची गरज नव्हती. बाबा ताईकडे राहत होते. एकदा न्हाणीघरातून त्यांना उचलताना दोघंही पडले, ताईची कंबर गेली ती गेलीच. त्यानंतर बाबा शुश्रूषागृहात गेले. ताई म्हणायची, ते स्वतः हट्टानं गेले. काकू म्हणायच्या, हट्टानं कुणी असल्या ठिकाणी जातं का? बाकीचे तोंडानं काही म्हणत नसत, पण ताई खोलीत आली की विषय बदलायचे. बाबा गेल्यापासून तिनं हे सगळं निमूट सोसलं होतं. धाकट्यानं ते सगळं पाहिलं होतं आणि मूग गिळून बसला होता.

"देतो करून," तो म्हणाला. "असं स्वच्छ करतो की बाबा शेजारी बसून बोलतायत असं वाटेल."

"फार स्वच्छ नाही झालं तरी चालेल," ताई म्हणाली. "कळलं म्हणजे पुरे."

पण खरखरवाल्याला हे सांगून काय उपयोग!

कॅसेट लावली, हेड पुसलं, स्क्रू फिरवला, आणि बाबांचा आवाज कांबळं टाकून बाहेर आला तसा धाकट्यानं हेडफोन काढून टेबलावर ठेवला. त्याला भीती वाटली ती बाबांच्या आवाजाची नव्हे, तर बाबा आपल्याबद्दल काय बोलले असतील त्याची. त्या सगळ्या महिन्यांत तो बाबांना भेटायला एकदाही गेला नव्हता. गाव दूर, दुकान एकट्याचं, पुढच्या आठवड्यात नक्की, हे सगळं फोनवर सांगून झालं होतं, आणि बाबा दर वेळी बरं बरं म्हणाले होते. ते बरं बरं आता टेपमध्ये उलटं होऊन निघालं तर?

त्यानं ऐकलंच नाही. खोलीत कसलंसं यंत्र सारखं घरघरत होतं. त्या घरघरीचा तुकडा त्यानं कॉम्प्युटरला दाखवला, तरी थोडी राहिली, म्हणून उंबरठा चांगला उंच चढवला, आणि दोन्ही कॅसेट अथपासून इतिपर्यंत त्यातून काढल्या. कॉम्प्युटर काम करत होता तोवर हा बाहेर जाऊन पाटी पुसत उभा राहिला. बायको शाळेतून येता येता दुकानात डोकावली, तेव्हा सुरुवातीची दोन वाक्यं त्यानं तिला ऐकवली.

"अगदी स्वच्छ," ती म्हणाली. "तुम्ही पूर्ण ऐकलंत?"

"एकेक वाक्य," धाकटा म्हणाला. जीभ जरासुद्धा अडखळली नाही.

काकांच्या घरी बैठकीच्या खोलीत मिळेल त्या खुर्चीवर, स्टुलावर, पलंगाच्या कडेवर सगळे बसले. केक कापून झाला होता, चहा फिरत होता. धाकट्यानं स्पीकर मधोमध ठेवला आणि दोन शब्द बोलला. दोन शब्द म्हणजे उंबरठ्यावरचं अख्खं व्याख्यान. ताई दाराजवळ भिंतीला टेकून उभी होती. तिनं इस्त्रीची साडी नेसली होती आणि बऱ्याच दिवसांनी ती या घरात मान वर करून उभी होती.

बाबा बोलू लागले. काकांनी डोळे मिटले. आवाज खरंच असा स्वच्छ होता की काकू म्हणाल्या, "अगंबाई, इथंच आहेत!" धाकट्याची छाती फुगली.

"आज पंखा दुरुस्त झाला," बाबा सांगत होते. "शेजारच्या खाटेवरचे गृहस्थ घोरतात, पण माणूस बरा आहे. इथं चहात साखर घालत."

आणि शांतता.

"गिळलं!" काकू ओरडल्या, आणि सगळी खोली हसत सुटली. काका हसता हसता डोळे पुसू लागले. "दादा तो दादाच. अर्धं वाक्य आपल्याला, अर्धं स्वतःला." ताईसुद्धा हसली.

"या महिन्यात धाकटा आला," बाबा म्हणाले.

धाकट्याच्या हातात कप होता, तो तसाच राहिला. काकांनी डोळे उघडून त्याच्याकडे पाहिलं, हात लांब करून त्याची पाठ थोपटली. "अरे, येऊन गेलास आणि कधी बोलला नाहीस? आम्ही उगाच काय काय समजत होतो."

आता इथं माणसानं तोंड उघडायचं असतं. काका, मी नव्हतो आलो, हे चार शब्द. धाकट्यानं काय केलं? तो खाली बघून ओशाळं हसला, मोठी माणसं आपलं चांगलं काम लपवताना हसतात तसं. मनात त्याला भरून आलं. बाबांना आपण आलो नाही हे लोकांना कळायला नको होतं, म्हणून मरता मरता ते आपल्यासाठी खोटं बोलले, असं त्याला वाटलं, आणि डोळ्यांत खरंच पाणी आलं. भिंतीपाशी उभी असलेली ताई त्याच्याकडे टक लावून पाहत होती. ती रोज तिथं जायची. कोण आलं आणि कोण नाही, हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? धाकट्यानं तिची नजर चुकवली.

"लोकांना काय," बाबा म्हणाले, "बोलायला तोंड आहे. पोरीनं मला इथं आणून टाकलं."

मग बाबा पुढे पेपर वेळेवर येतो त्याबद्दल बोलू लागले, पण ते कुणी ऐकत नव्हतं. काकूंनी काकांकडे पाहिलं. काकांनी चहाचा कप खाली ठेवला. कुणीतरी उगाचच खोकलं.

ताई दोन पावलं पुढे आली. "हे असंच आहे टेपमध्ये?"

"ताई, मी काही घालत नाही, काही काढत नाही," धाकटा म्हणाला. "खरखर तेवढी काढलीय. एकेक वाक्य मी कानानं तपासलंय."

ताईनं मान हलवली. रिकामे कप गोळा केले, आत नेले, नळ सोडून सगळे धुतले, पालथे घातले. मग पर्स उचलून मागच्या दारानं निघून गेली. तिला थांब म्हणायला कुणी उठलं नाही.

"आता दादाच बोलला म्हटल्यावर काय उरलं," काका हळूच म्हणाले.

आणि धाकट्याला त्या वेळी काय वाटलं, ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. त्याला हलकं वाटलं. वाईट वाटत होतं, नाही असं नाही, पण त्या वाईटाच्या खाली कुठंतरी त्याला सुटल्यासारखं वाटत होतं. इतके दिवस घरात एकटा तोच नालायक होता, हे निदान त्याला स्वतःला ठाऊक होतं. आता बाकावर शेजारी ताई येऊन बसली होती. चला, सोबत झाली.

ही सोबत काही दिवस टिकली. मग एका सकाळी बायको चहा गाळता गाळता थांबली.

"अहो, बाबा म्हणाले ते काय? चहात साखर घालत काय?"

"काय म्हणजे? गिळलं त्यांनी."

"ते कळलं. पण काय गिळलं? घालतात म्हणायचं असतं तर घालतात म्हणाले असते. घालत म्हटलं म्हणजे पुढे 'नाहीत' आलंच पाहिजे. घालत नाहीत. मग ते 'नाहीत' गेलं कुठं?" तिनं गाळणं सिंकमध्ये आपटलं. "बाबा गिळायचे, पण इतकंही नाही. शेजारी बसलं की मला शेवटपर्यंत ऐकू यायचं."

बायको चहा घेऊन गॅलरीत गेली. तिच्या दृष्टीनं विषय संपला होता. धाकटा कपाला हात न लावता उठला आणि चप्पल घालून दुकानात गेला. शटर अर्धंच उघडून, वाकून आत शिरला.

मूळ फाइल त्यानं लावली, कसलाही उंबरठा न घालता. यंत्राची घरघर, फितीची खरखर, घोरणाऱ्या गृहस्थांचं घोरणं, आणि त्यातून बाबा. इथं चहात साखर घालत, आणि मग घरघरीच्या अगदी तळाशी, पण स्पष्ट, 'नाहीत'.

पुढचं ऐकायला त्याला धीर होईना. तरी ऐकलं.

"या महिन्यात धाकटा आला नाही. कामात असेल."

आणि त्यानंतर, "लोकांना काय, बोलायला तोंड आहे. पोरीनं मला इथं आणून टाकलं नाही. माझा मी आलो."

धाकट्यानं डोकं टेबलावर टेकलं. आपल्या भाषेची रीतच अशी, की आधी सगळं सांगून व्हायचं आणि नकार येतो तो सगळ्यांच्या मागून. तोवर बाबांचा आवाज पार घशात गेलेला. उंबरठ्यानं वाक्याचं धड आत घेतलं आणि नकार, त्यामागे पुटपुटलेल्या शेपटासकट, बाहेर ठेवला. 'घालत' निदान लंगडत तरी राहिलं, ऐकणाऱ्याला कळलं की इथं काहीतरी तुटलंय. 'आला' आणि 'टाकलं' मात्र 'नाही' गेलं तरी आपल्या पायांवर ताठ उभे राहिले. कुणाला शंका यावी तरी कशी?

कशी, म्हणे! कुणाला येवो न येवो, त्याला यायला हवी होती. 'धाकटा आला' हे वाक्य खोटं आहे, हे त्या खोलीत त्याला पक्कं माहीत होतं. खोट्या नाण्याची एक बाजू हातात आली की माणूस दुसरी उलटून बघतो. यानं नाणं खिशात टाकलं, वर काकांकडून पाठ थोपटून घेतली, आणि त्याच नाण्यानं बहिणीचं तोंड बंद केलं. त्याला त्या वेळी स्वतःचीच इतकी शिसारी आली की दुकानात एकटा असूनही त्यानं तोंड हातांनी झाकून घेतलं.

यानंतर शहाणा माणूस तडक बहिणीकडे गेला असता. धाकट्यानं उंबरठा काढून नवी फाइल केली आणि घरच्या सगळ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून दिली. खाली लिहिलं, 'बाबांच्या आवाजात थोडी सुधारणा केली आहे. सवडीने ऐकावे.' काकांनी अंगठा पाठवला. काकूंनी फुलांचा गुच्छ पाठवला. फाइल कुणीही उघडली नाही, आणि खरं सांगायचं तर कुणी उघडू नये अशीच ती पाठवली होती.

"ताईंकडे जाऊन आलात का?" बायकोनं विचारलं. तिला त्यानं निम्मं सांगितलं होतं. मशीनचं निम्मं.

"फाइल पाठवलीय."

"फाइल ताईंकडे जाऊन काय करणार? पाया पडणार?"

तो गेला तेव्हा ताई कापायच्या टेबलाशी उभी होती. टेबलभर निळं कापड पसरलेलं, त्यावर खडूच्या रेघा, कडेला पितळी कड्यांचा ढीग. दोन बायका अस्तराचे नमुने उजेडात धरून बघत होत्या. धाकट्याला पाहून ताईनं कात्री थांबवली नाही.

"बस," ती म्हणाली. ती शत्रूलाही बस म्हणेल.

तो बसला नाही. खिशातून फोन काढला, इअरफोन तिच्यापुढे धरला. "ताई, एकदा ऐक. मूळ टेप आहे. खरखरीसकट."

ताईनं हात कापडाला पुसले आणि एकच इअरफोन कानात घातला. ती ऐकत असताना धाकटा तिच्या चेहऱ्याकडे बघू शकला नाही, पितळी कड्यांकडे बघत राहिला. पुष्कळ वेळ गेला. मग तिनं इअरफोन काढून त्याच्या हातावर ठेवला. तिचे डोळे ओले होते, पण आवाज साधा होता.

"म्हणालेच होते ना मला. सगळं सांगून ठेवलंय."

"मशीननं खाल्लं गं," धाकटा घाईघाईनं बोलू लागला. "उंबरठा फार वर होता, त्याखालचं सगळं कापलं गेलं, बाबांचा आवाज शेवटी पडायचा ना, त्यामुळे 'नाही' तेवढं..."

"म्हणजे तू कापलं नाहीस?"

तिला असं वाटलं असेल, हे धाकट्याच्या ध्यानातही आलं नव्हतं.

"मला वाटलं, तू मुद्दाम कापलंस," ताई म्हणाली. "'धाकटा आला' ऐकलं तेव्हाच मला वाटलं. हा स्वतःची लाज राखायला बाबांच्या तोंडचे शब्द कापतो, आणि आपला बळी देतो. इतके दिवस मी हेच धरून बसले होते. रोज शिवता शिवता तुला शिव्या देत होते."

"नाही गं ताई, शपथ! मी कसा कापेन? मी तर ऐकलंसुद्धा नव्हतं. तसंच मशीनमधून काढलं."

बोलून गेला, आणि बोलल्यावर त्याला कळलं आपण काय बोललो ते. एकेक वाक्य कानानं तपासलंय म्हणून सांगणारा तोच.

ताई त्याच्याकडे बघत राहिली. रागानं नाही. रागानं बघितलं असतं तर त्याला सोसलं असतं.

"ऐकलंसुद्धा नव्हतंस," ती म्हणाली. "त्यापेक्षा कापलं असतंस तर बरं झालं असतं रे. कापायला आधी ऐकावं तरी लागतं."

धाकट्याचे कान तापले. शेजारच्या बायका नमुन्यांवरून एकमेकींशी बोलायच्या थांबल्या होत्या.

"आणि तिथं खोलीत ऐकलंस तेव्हा?" ताईनं विचारलं. "पोरीनं आणून टाकलं, असं बाबा म्हणाले तेव्हा तुला काय वाटलं? मशीनला आपले बाबा माहीत नव्हते. तुला माहीत होते. ते माझ्याबद्दल असं बोलतील, असं वाटलं तुला?"

खोटं बोलायला आता जागाच नव्हती. "वाटलं," तो म्हणाला. "आणि बरं वाटलं, ताई. मी एकटाच वाईट नाही, असं वाटून बरं वाटलं."

ताईनं मान डोलावली, एखाद्या खिडकीचं माप तिच्या अंदाजाप्रमाणेच निघावं तशी. मग तिनं टेबलाच्या खणातून आपला फोन काढला, काकांचा नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि फोन निळ्या कापडावर त्याच्यासमोर ठेवला.

"ताई, यांच्यासमोर..." तो त्या दोन बायकांकडे बघत पुटपुटला.

"मी पण सगळ्यांसमोरच उभी होते."

पलीकडून काकांचा आवाज आला. "हॅलो? कोण, पोरी, तू?" त्या 'तू' मध्ये इतका अवघडलेपणा होता की धाकट्यालाही तो ऐकू आला.

"काका, मी धाकटा," तो म्हणाला. "ताईच्या दुकानातून बोलतोय. ती टेप आहे ना, त्याचं काय झालं, की मशीनमध्ये एक उंबरठा असतो..."

ताईनं फोनवर हात ठेवला. "मशीनपासून सुरू करू नकोस," ती हळूच म्हणाली आणि हात काढला.

"काय असतं मशीनमध्ये?" काका विचारत होते.

"काका, मी आलो नव्हतो."

"कुठं आला नव्हतास?"

"बाबांकडे. तिथं. तुम्ही माझी पाठ थोपटलीत तेव्हा मी बोललो नाही. बाबा टेपमध्ये म्हणालेत, धाकटा आला नाही. ताईबद्दल म्हणालेत, तिनं आणून टाकलं नाही, माझा मी आलो. दोन्ही ठिकाणचं 'नाही' माझ्या हातून गेलं. पहिलं वाक्य खोटं आहे हे मला तिथंच माहीत होतं. तरी मी गप्प बसलो, आणि ताईला जाऊ दिलं."

मागे काकांच्या घरात कुणीतरी टीव्ही बंद केला.

"त्या महिन्यात नव्हतास आला," काका अखेर म्हणाले. त्यांचा आवाज म्हाताऱ्या माणसाचा, अजून आशा धरून बसलेला. "पण बाकीचे महिने? एकदा तरी आलाच असशील की रे?"

धाकट्यानं ताईकडे पाहिलं. तिनं कात्री उचलली होती, पण ती कापत नव्हती. ती त्याला सोडवणार नव्हती, आणि तिनं का सोडवावं?

"कधीच नाही, काका," तो म्हणाला.

"काय? ऐकू आलं नाही."

धाकटा फोनवर वाकला आणि दुकानात सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं तेच पुन्हा म्हणाला.